गाभ्रीचा पाऊस, पीपली आणि मंगरुळातलं देऊळ

‘गाभ्रीचा’ या शब्दाचा अर्थ पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला समजावून सांगावा लागतो. वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत तशी वेळ येत नाही. पेरणी झाली की दडी मारणाऱ्या आणि कापूस फुटला की कोसळणाऱ्या पावसाला इकडचा कास्तकार जी शिवी हासडतो, तीच सतीश मनवर यांनी आपल्या चित्रपटाच्या नावात ठेवली. ‘गाभ्रीचा पाऊस’ २००९ साली रॉटरडॅमच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखवला गेला. पुढच्याच वर्षी अनुषा रिझवी यांचा हिंदी ‘पीपली लाइव्ह’ आला आणि २०११च्या नोव्हेंबरात उमेश कुलकर्णी यांचा ‘देऊळ’. जेमतेम तीन वर्षांत तीन चित्रपट आले आणि तिन्हींत अख्खं गाव पडद्यावर होतं. त्यांचं स्वागत मात्र तीन तऱ्हांनी झालं. का, हे आष्टीच्या बाजूने पाहिलं की जास्त स्पष्ट दिसतं.

आष्टी हे तालुक्याचं गाव. १६ ऑगस्ट १९४२ रोजी इथले लोक पोलीस ठाण्यावर तिरंगा लावायला निघाले, गोळीबार झाला, माणसं शहीद झाली. चिमूरच्या जोडीने आष्टीचं नाव देशभर पोहोचलं आणि गाव ‘शहीद आष्टी’ म्हणून ओळखलं जाऊ लागलं. साठेक वर्षांनी जिल्ह्याचं नाव पुन्हा देशाच्या कानावर गेलं, ते वेगळ्या कारणाने. जुलै २००६मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि सहावा जिल्हा वर्धा.

‘गाभ्रीचा पाऊस’ची गोष्ट याच पट्ट्यातली आहे. गावात एकाने जीव दिलेला असतो. आपला नवराही तसंच काही करेल, या धास्तीने अलका (सोनाली कुलकर्णी) लहानग्या दिनूला बापाच्या मागावर ठेवते. किसना (गिरीश कुलकर्णी) वावरात जाईल तिथे पोरगं मागे. म्हातारी आईही (ज्योती सुभाष) डोळ्यांत तेल घालून बसलेली. बापाला कळत नाही की हे लेकरू आज आपल्याला सोडत का नाही, आणि प्रेक्षकाला हसू येतं. ते हसू घशात अडकतं, कारण घराघरातली ही पाळत खरी आहे. दोराची, कीटकनाशकाच्या डब्याची जागा बदलून ठेवणाऱ्या बाया हा चित्रपट ओळखतो. त्यातलं दुःख भाषणातून येत नाही. बियाणं, उधारी, विजेचा पंप आणि आभाळ यांच्या रोजच्या हिशेबातून येतं. म्हणून तो विदर्भाला परका वाटत नाही.

‘पीपली लाइव्ह’चं तसं झालं नाही. चित्रपट मोठा होता. सनडान्सच्या स्पर्धेत गेला, ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका ठरला. कर्जापायी जमिनीचा लिलाव ओढवलेले दोन भाऊ, नथा आणि बुधिया. मेलं तर सरकारी मदत मिळते, हे कानावर पडताच घरात मरायचं कुणी याचा विचार सुरू होतो. पोटनिवडणूक तोंडावर असल्याने पुढारी धावतात, वाहिन्यांच्या गाड्या दारात उभ्या राहतात, गावाची जत्रा होते. शहरी समीक्षकांनी माध्यमांवरचं हे भेदक भाष्य उचलून धरलं. विदर्भ जनआंदोलन समितीने मात्र बंदीची मागणी केली. शेतकरी मदतीच्या पैशासाठी मरतो, असं चित्र यातून उभं राहतं, हा त्यांचा आक्षेप होता.

बंदीची मागणी पटणारी नाही, पण तिच्यामागची वेदना समजून घ्यायला हवी. महाराष्ट्रात अशा घरांना एक लाखाची मदत मिळते आणि त्याआधी ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे ठरतं. जमीन कुणाच्या नावावर, कर्ज बँकेचं की सावकाराचं, वसुलीचा तगादा होता का, असे कागद घेऊन विधवा तहसिलीच्या पायऱ्या चढते. ज्या गावाने ‘अपात्र’ हा शिक्का पाहिला आहे, त्याला मदतीसाठी मरण्याचा विनोद पचणं अवघड. चित्रपट हसत होता सरकारला आणि कॅमेऱ्यांना. ते हसू नथाच्या दारातून जात होतं आणि त्या दारात बसलेल्यांना ते आपल्यावरच आहे असं वाटलं. शेवटी पडद्यावर येणारी ओळ, १९९१ ते २००१ या काळात ८० लाख शेतकऱ्यांनी शेती सोडली ही, फार थोड्यांच्या चर्चेत आली.

मग ‘देऊळ’ आला. मंगरूळ नावाचं गाव. केशा हा साधा गुराखी. हरवलेली करडी गाय शोधून दमतो, औदुंबराखाली झोपतो आणि त्याला दत्ताचा दृष्टान्त होतो. गावात बातमी पसरते. जुन्या वसाहतीच्या अवशेषांचा अभ्यास करणारे अण्णा (दिलीप प्रभावळकर) गावात दवाखाना व्हावा म्हणून झटत असतात आणि भाऊ गलांडे (नाना पाटेकर) त्यांच्या पाठीशी असतात. रिकामी पोरं, पत्रकार, सरपंचबाई आणि तिची सासू, सगळे हळूहळू देवळाकडे सरकतात. भाऊही सरकतात. दवाखान्याचा विषय मागे पडतो.

या चित्रपटात खलनायक नाही. लेखक गिरीश कुलकर्णींनी प्रत्येक पात्राला पटेल असं कारण दिलं आहे. पोरांना काम हवं, बायांना चार पैसे हवेत, पुढाऱ्याला मतं हवीत. एकट्याने कुणीच गाव विकत नाही. सगळे मिळून विकतात. एका नायकाभोवती फिरणाऱ्या कथेत हे दाखवता आलं नसतं. म्हणून इथे वीसेक चेहऱ्यांची गर्दी लागते आणि एकेक जण बाजू बदलताना दिसावा लागतो. उमेश आणि गिरीश कुलकर्णींनी ही रीत २००८च्या ‘वळू’त आजमावली होती. तिथे एका मोकाट बैलामुळे गावाचे हेवेदावे उघडे पडले. ‘देऊळ’मध्ये बैलाच्या जागी देव आला आणि विनोदाला धार चढली.

‘देऊळ’ बुसानच्या महोत्सवात स्पर्धेत होता. ५९व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला ‘ब्यारी’बरोबर विभागून सुवर्णकमळ मिळालं, ‘श्यामची आई’ आणि ‘श्वास’नंतर हा मान मिळवणारा तो तिसरा मराठी चित्रपट. अभिनय आणि संवाद, दोन्हींचे पुरस्कार गिरीश कुलकर्णींना मिळाले. म्हणजे विदर्भाचा किसना आणि मंगरुळाचा केशा एकाच नटाने उभे केले. बोली बदलली, चाल बदलली. गुराढोरांजवळ बसल्यावर चेहऱ्यावर येणारा निवांतपणा दोघांत सारखाच आहे.

महोत्सवातली दाद आणि गावातली दाद यांचं नातं मराठीत जुनं आहे. जब्बार पटेलांचा ‘सामना’ १९७५मध्ये सुरुवातीला चालला नाही. बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत त्याची निवड झाल्यावर तो पुन्हा लागला आणि लोकांनी पाहिला. ‘देऊळ’ला अशी शिफारस लागली नाही. नव्याने पावणारं ठिकाण आणि त्यामागून येणारी दुकानं, वाहनतळ, आरत्यांच्या सीड्या प्रत्येकाने पाहिलेल्या होत्या.

आष्टीकराला यात आणखी काही दिसतं. वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा आणि तिथे गुरुकुंज मोझरी, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा आश्रम. बेचाळीसच्या उठावाला त्यांच्या भजनांनी बळ दिलं आणि इंग्रजांनी त्यांना तुरुंगात टाकलं. त्यांच्या ‘ग्रामगीते’त ४१ अध्याय आहेत, त्यांत ‘ग्रामआरोग्य’ आहे, ‘गोवंश सुधार’ आहे, ‘ग्रामशुद्धी’ आहे. गाव हाच देव मानून हा ग्रंथ त्यांनी ग्रामदेवतेला वाहिला. गाडगेबाबाही याच मुलखातले. देणग्यांतून त्यांनी धर्मशाळा बांधल्या, हाती खराटा घेतला. मंगरुळात दवाखाना की देऊळ हा वाद रंगतो, तेव्हा या मुलखातला प्रेक्षक तो वाद पहिल्यांदा ऐकत नसतो. खंजिरीवरच्या भजनात त्याच्या आजाने तो ऐकलेला असतो.

‘देऊळ’च्या शेवटी केशा मूर्ती उचलून गावाबाहेर निघतो. वाटेत त्याला एक अनोळखी माणूस भेटतो; ती छोटी भूमिका नसीरुद्दीन शाह यांनी केली आहे. केशाने केली ती चोरी की भक्ती, यावर गावातल्या दोन पिढ्यांचं एकमत होणं कठीण. म्हातारे म्हणतील, देव सोडवला पोरानं. तरुण विचारतील, आता दुकानवाल्यांनी करायचं काय? गाय मात्र केशाला केव्हाच सापडलेली असते.