विश्लेषण : पावसाळा सरला की कोयनेत भूकंपाचे धक्के का वाढतात?

शिवसागर जलाशय भरला आणि पाऊस ओसरला, की कोयना खोऱ्यात धक्क्यांच्या नोंदी वाढतात. बहुतेक धक्के माणसांना जाणवतही नाहीत. मात्र, हे वेळापत्रक योगायोग नाही.

सुरुवात कधी झाली?

कोयना धरणात १९६२ मध्ये पाणी साठू लागले आणि परिसरात धक्के सुरू झाले. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. त्यात पावणेदोनशेहून अधिक बळी गेले. पुढे जवळच वारणा जलाशय भरल्यावर तिकडेही भूकंप होऊ लागले.

पाण्याचा संबंध काय?

१०५ टीएमसी पाण्याचे वजन होते सुमारे ३०० कोटी टन. हा भार जमिनीवर लगेच पडतो. दुसरा परिणाम संथ असतो. पाण्याचा दाब खडकांच्या भेगांतून हळूहळू खोल पोहोचतो. भ्रंशरेषेवरचे खडक एकमेकांवर घट्ट दाबलेले असतात. भेगांतील पाण्याचा दाब ही पकड सैल करतो आणि खडक सरकतो. दाब खोलवर जायला काही आठवडे ते महिने लागतात. म्हणून धक्के भर पावसात नव्हे, तर सप्टेंबरपासून पुढे वाढतात. जलाशय रिकामा होताना, वर्षाच्या सुरुवातीलाही ते पुन्हा वाढलेले दिसतात.

दरवर्षी सारखेच का नाही?

पाणी किती वेगाने चढले, कोणत्या पातळीपर्यंत गेले आणि तिथे किती काळ टिकले, यावर फरक पडतो.

इतरत्र असे घडते का?

हो. नेपाळ हिमालयात लहान भूकंप हिवाळ्यात अधिक नोंदले जातात. पावसाळ्यात गंगेच्या मैदानावर साचणाऱ्या पाण्याच्या भाराने भूकवच किंचित वाकते आणि भ्रंशावरचा ताण बदलतो. पाणी ओसरले की तो पुन्हा वाढतो.

मग भूकंपाचे भाकीत करता येईल?

नाही. ताण मुळात भूगर्भातील हालचालींमुळे साठलेला असतो. पाणी फक्त शेवटचा धक्का देते. ऋतूवरून लहान धक्क्यांची शक्यता कमी-जास्त सांगता येते. मोठ्या भूकंपाचा दिवस नाही. भूगर्भातील बदल समजून घेण्यासाठी कोयना परिसरात तीन किलोमीटर खोल विंधनविवर घेण्यात आले. कऱ्हाड येथे त्यासाठी संशोधन केंद्रही आहे.

खोऱ्यातील रहिवाशांसाठी अर्थ सरळ आहे : पावसाळा सुरळीत पार पडला म्हणून निर्धास्त होऊ नये. १९६७चा भूकंप डिसेंबरमध्येच झाला होता. भूकंपरोधक घर हेच बाराही महिने कामी येणारे संरक्षण.