'डेडलाइन' हा शब्द आला कुठून?

सिनॉप्सिसची डेडलाइन, फेलोशिपच्या फॉर्मची डेडलाइन, पेपर पाठवायची डेडलाइन. पीएचडीला लागलं की हा शब्द गाईडपेक्षाही जास्त वेळा भेटतो. म्हणून आज त्याच्या उगमाविषयी.

मुळात हा शब्द वेळेचा नव्हताच, जागेचा होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६४ साली, दक्षिणेच्या बाजूने जॉर्जियामध्ये अँडरसनव्हिल इथे युद्धकैद्यांची छावणी उभारली. भोवती उंच लाकडी कोट, आणि कोटाच्या आत सुमारे १९ फुटांवर एक बुटका लाकडी कठडा. त्याला म्हणायचे 'डेड लाइन'. कैद्याने तो ओलांडला की पहारेकऱ्याने गोळी घालायची. या छावणीत सुमारे ४५,००० कैदी आले. त्यातले जवळजवळ १३,००० तिथेच मेले, बहुतेक रोगराईने आणि उपासमारीने. युद्धानंतर छावणीचा प्रमुख हेन्री वर्झ याच्यावर खटला चालला, त्यातल्या आरोपांमध्येही ही रेषा होती. नोव्हेंबर १८६५ मध्ये त्याला फाशी झाली.

'शेवटची वेळ' हा अर्थ रुळला तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, अमेरिकन वृत्तपत्रांत. अमुक वाजेपर्यंत बातमी आली तर छापू, नंतर नाही.

म्हणजे शब्द तुरुंगातून थेट वृत्तपत्रात आला? इथेच थांबा! छपाईयंत्रावरही एक 'डेडलाइन' असायची. खिळे त्या रेषेबाहेर गेले तर मजकूर नीट उमटत नसे. आणि वृत्तपत्राच्या कचेरीला तुरुंगापेक्षा छापखाना जवळचा. सर्वात जुना वापर सापडला म्हणजे नंतरच्या प्रत्येक अर्थाचं मूळ सापडलं, असं होत नाही. मधल्या पन्नासेक वर्षांचे दुवे दाखवावे लागतात. लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना आपण नेमकी हीच चूक करतो. आधी अमुक होतं, नंतर तमुक आलं, म्हणून अमुकमुळेच तमुक, असं लिहून मोकळे होतो. व्हायवात परीक्षक बोट ठेवतात ते याच 'म्हणून'वर.

आता आपला शब्द बघा. 'मुदत' अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला, आणि त्याच्या मुळाशी ताणणं, लांबवणं असा अर्थ आहे. म्हणूनच आपल्याकडे मुदतवाढ मागायची पद्धत पडली, असं लिहायचा मोह होतोय ना?

पुरावा कुठाय?