सोयीची वेळ : मेहेरबानी की सेवाशर्त?

आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही शिकलो ते कारखान्याच्या फाटकाशी आणि कामगार न्यायालयाच्या पायऱ्यांवर. तेव्हा या व्यासपीठावरून विद्वत्ता सांगण्यापेक्षा आमच्या हातून घडलेली एक चूक सांगतो. विषय तिच्यातूनच उलगडेल.

२०११ साली सोलापुरातील एका टॉवेल कारखान्याच्या शिलाई खात्यातील एक बाई युनियनच्या कचेरीत आल्या. त्यांच्या तीन वर्षांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी होती. म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हातापायांवर ताबा राहत नाही असा विकार. आठवड्यातून तीन दिवस सकाळी अकराला त्याला फिजिओथेरपीसाठी न्यावे लागे. मुकादमाने दोन तासांची तोंडी सूट दिली होती. मुकादम बदलला, सूट गेली आणि गैरहजेरी लागू लागली. 'दादा, काय करू?' असे त्यांनी विचारले. आम्ही भल्या बुद्धीने म्हणालो, 'ताई, वर्षभर घरी राहा. काम काय, पुन्हा मिळेल.' त्यांनी राजीनामा दिला.

या सल्ल्याने काय गेले ते आम्हाला मागाहून उमगले. नोकरी चार वर्षे दोन महिन्यांची झाली होती. ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षे लागतात. ती बुडाली. कर्मचारी राज्य विमा योजनेत कमावत्यावर सर्वस्वी अवलंबून असलेल्या अपंग अपत्यालाही वैद्यकीय मदत मिळते. लाभाची मुदत संपताच तीही थांबली. मुलासाठी नोकरी सोडली आणि मुलाचेच औषधपाणी तुटले! पुढे त्या घरी बसून नगावर टॉवेलचे काठ शिवू लागल्या. वेळ सोयीची झाली खरी, पण ना हजेरीपत्रक, ना प्रॉव्हिडंट फंड.

येथे कोणी म्हणेल, घरी बसून काम म्हटले की एवढे सोसावेच लागते. हा समज खरा नव्हे. याच शहरात हजारो बायका घरी विड्या वळतात. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्यांनाही कामगार मानले, आणि त्यांना प्रॉव्हिडंट फंड लागू होतो हे १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरले. काम कोठे व केव्हा होते यावरून हक्क ठरत नाही. तो मागणाऱ्यांच्या संघटनेवरून ठरतो.

आता आज कोणाला काय मिळते ते पाहू. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवेत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. एरवी ती मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत. अपंग अपत्यासाठी वयाची अट नाही. २०१८ पासून एकट्याने मूल वाढवणाऱ्या पित्यालाही ती मिळते. हिमाचल प्रदेशातील एका प्राध्यापिकेला जन्मजात विकार असलेल्या मुलासाठी अशी रजा नाकारली गेली, तेव्हा एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले की स्त्रियांचा नोकरीतील सहभाग ही मेहेरबानी नसून घटनेची निकड आहे.

खाजगी कारखान्यात मात्र हात आखडता. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली, आणि त्यानंतर कामाचे स्वरूप पाहून, मालकाशी ठरवून, घरून काम करण्याची वाट ठेवली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. पण ही तरतूद बाळंतपणाच्या आसपासची. मूल बोलत नाही, चालत नाही, हे पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ध्यानात येते; तोवर आई कामावर परतलेली असते. ब्रिटनने एप्रिल २००३ पासून लहान मुलांच्या आणि अठरा वर्षांखालील अपंग मुलांच्या आईबापांना वेळ बदलून मागण्याचा कायदेशीर हक्क दिला; २०१४ साली तो इतर नोकरदारांनाही मिळाला. मालक नाही म्हणू शकतो, पण त्याला कारण द्यावे लागते. आपल्याकडे खाजगी नोकरीतल्या आईबापांना एवढाही सर्वसाधारण हक्क नाही.

मग करावे काय? आमचा आताचा सल्ला असा. राजीनामा शेवटी, आधी अर्ज. अर्जात अडचणीचे रडगाणे नको, वेळापत्रक हवे : कोणते दिवस, कोणते तास, ते तास केव्हा भरून देणार, त्या वेळी यंत्रावर कोण बसणार. सोबत मुलाचे दिव्यांग प्रमाणपत्र जोडावे. तीन महिने करून पाहू, असे म्हणावे. त्याने मालकाची धास्ती कमी होते. उत्तर लेखी घ्यावे. तोंडी सूट मुकादमाबरोबर बदलून जाते. आणि अर्ज आईनेच करावा असेही नाही. बापाने का करू नये? युनियनने हे कलम मागणीपत्रात घालावे, म्हणजे एकटीला हात जोडावे लागणार नाहीत.

श्रोत्यांत दुकानदार असतील, कारखानदार असतील, कचेऱ्यांचे प्रमुख असतील. त्यांना एकच विनंती. नव्या माणसाला काम शिकवण्यात किती दिवस व किती माल वाया जातो याचा हिशेब त्यांनी मांडावा, आणि तो आठवड्यातल्या सहा तासांशी ताडून पाहावा.

त्या बाईंचा मुलगा आता अठराच्या घरात आहे. अजूनही त्याला उचलूनच रिक्षात बसवावे लागते. त्याचे वजन वाढले आणि आईची कंबर दुखू लागली. आमची भेट होते तेव्हा त्या जुनी गोष्ट काढत नाहीत. ती आम्हीच काढतो, आणि प्रत्येक नव्या करारनाम्यात ते कलम घातले की नाही हे पुन्हा एकदा तपासतो.