दहाच्या आतली भैरवी

“ताई, या उन्हात गाणं? आणि तेही अंगणात?”

पुण्याहून सुट्टीला आलेली माझी धाकटी जाऊ विचारत होती. तिचंही बरोबरच होतं म्हणा. दुपारचे चार वाजले होते, पारा चव्वेचाळीसवर होता आणि धंतोलीतल्या आमच्या गल्लीत कुत्रंसुद्धा सावली सोडायला तयार नव्हतं. नागपूरचा उन्हाळा म्हटलं की बाहेरगावची माणसं घाबरतातच. ३० मे २०२४ला इथल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, तेव्हा तर देशभरातून नातेवाइकांचे फोन! यंत्रच बिघडलं होतं, असं हवामान खात्याने नंतर सांगितलं. पण आम्हा नागपूरकरांना सुरुवातीला त्यात फारसं अशक्य काही वाटलं नव्हतं, बाप्पा!

मी जावेला म्हटलं, “तू फक्त सात वाजेपर्यंत धीर धर.”

इथला उन्हाळा कोरडा असतो, हीच त्याची मेहेरबानी. मुंबईसारखा घाम अंगाला चिकटून बसत नाही. वाळ्याच्या ताट्या आणि कूलर आमच्याकडे चालतात ते याचमुळे. अंगणात सडा टाकला की पाणी भराभर उडतं आणि जाताना उष्मा घेऊन जातं. मात्र सडा एकदाच टाकून भागत नाही, बरं का. पाचला पहिला टाकावा, त्याने नुसती वाफ निघते. साडेसहाला दुसरा, तो खरा गारवा देतो. कूलरच्या टाकीतलं उरलेलं आणि भाज्या धुतलेलं पाणी मी दिवसभर बादलीत जमवते, नळाचं चांगलं पाणी त्यात घालवत नाही. मग पावणेसातच्या सुमारास सूर्य बुडतो, कडुलिंबाची पानं हलू लागतात आणि रामकृष्ण मठातली संध्याकाळची आरती आटोपून येणारी मंडळी गल्लीतून दिसू लागतात. सतरंज्या पडतात. मोगऱ्याचे गजरे ओल्या फडक्यातून बाहेर निघतात. दिवसभर ज्या घराने भाजून काढलं, त्याच घराचं अंगण आता सोडवत नाही!

आमच्याकडचं हे गाणं रामनवमीच्या निमित्ताचं, पण करतो मुलांच्या परीक्षा आटोपल्यावर. पूर्वार्धात शास्त्रीय, उत्तरार्धात गीतरामायणातली दहा-बारा गीतं. १९५५ सालच्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं आणि वर्षभर दर आठवड्याला एक नवं गीत येत गेलं. त्या वर्षी अधिक महिना आल्यामुळे गीतं छप्पन्न झाली. गदिमांचे शब्द, बाबूजींच्या म्हणजे सुधीर फडक्यांच्या चाली. पहिलं गीत भूपात, शेवटचं भैरवीत.

त्या शेवटच्या भैरवीचीच तर ही गोष्ट आहे.

माझ्या सासूबाई लग्न होऊन धंतोलीत आल्या तेव्हा इथे कौलारू बंगले होते, आंब्याची झाडं होती आणि अंगणं होती. उन्हाळ्यात कुणा ना कुणाच्या अंगणात गाणं असायचंच. पण ते सुरू व्हायचं जेवणंखाणं उरकून, साडेनऊ-दहाला. पुरुष मंडळी लोडाला टेकून पुढे, बायका मागे, मांडीवर पोरं. अकरा वाजले की एखादं पोर रडायचं. पहाटे नळाला पाणी यायचं, सासऱ्यांना औषध द्यायचं असायचं. सासूबाई उठायच्या. त्यांच्यामागून आणखी चार जणी उठायच्या. मैफल मात्र चालू! पहाटे तीनला मामंजी घरी यायचे आणि सकाळी चहा पिताना सांगायचे, “भैरवी काय जमली म्हणून सांगू!” सासूबाई चहा गाळत ऐकायच्या. रेडिओवर त्यांनी भैरवी पुष्कळ ऐकली असेल, पण गाणाऱ्याच्या समोर बसून, शेवटपर्यंत? जवळजवळ चाळीस वर्षांत एकदाही नाही.

मग नियम आला. ध्वनिप्रदूषणाचे नियम झाले २००० साली. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बजावून सांगितलं आणि मग सगळीकडे कडक अंमल होऊ लागला. सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देता येते, पण गल्लीतल्या गाण्याला ती कोण देणार! पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सवही पूर्वी रात्ररात्र चालायचा, त्यालाही घड्याळ बघावं लागलं. मामंजी फार चिडले. “दहाला मैफल संपवायची? अहो, रात्र सुरू व्हायच्या आत? मग दरबारी कधी गायचा, मालकंस कधी?”

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आपल्या रागांना वेळा आहेत आणि मध्यरात्रीचे राग त्या नियमाने अंगणातून गेले ते गेलेच. ते आता बंद सभागृहात. नागपुरात वसंतराव देशपांडे सभागृह आहे, २०१७मध्ये रेशीमबागेत सुरेश भट सभागृहही झालं. तिथे थंडगार हवा असते, खुर्च्या मऊ असतात. पण मोगऱ्याचा वास नसतो आणि लहान मूल कुशीत घेऊन आडवंही होता येत नाही.

पण दहाला संपवायचं म्हणजे सातला सुरू करायला हवं. त्या वर्षी पहिल्यांदाच आमच्या अंगणातलं गाणं दिवेलागणीला सुरू झालं आणि पहिला राग मारवा गायला गेला. मारवा खास सूर्यास्ताचा. आमच्या नागपुरात गाणं शिकलेल्या वसंतराव देशपांड्यांनी तो असा गायला की मारवा म्हटलं की त्यांचंच नाव निघतं. साडेनऊला सुरू होणाऱ्या मैफलीत त्याला जागाच नव्हती. मालकंस गेला तो गेला, पण हा मारवा आला!

आणि पावणेदहाला भैरवी सुरू झाली तेव्हा सासूबाई जागेवर होत्या. एकही बाई उठली नव्हती. पोरं नुकती कुठे पेंगू लागली होती. संपल्यावर सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर एवढंच म्हणाल्या, “अशी असते होय!” मामंजी दरबारीबद्दल काहीतरी सांगू लागले होते, ते थांबले. पुढच्या वर्षी वेळेवरून कुरकुर ऐकू आली नाही. आली असेल तर माझ्यासमोर नाही.

आता तर आम्ही लाउडस्पीकरच लावत नाही. धंतोली म्हणजे दवाखान्यांची वस्ती झाली आहे. बंगले गेले, फ्लॅट स्कीम आल्या आणि गल्लोगल्ली इस्पितळं झाली. इस्पितळाभोवती शंभर मीटरचं शांतता क्षेत्र जाहीर करता येतं, पण आमच्याकडे नियमाआधी निरोपच आला. एकदा समोरच्या इमारतीतून एक नर्सबाई येऊन हळूच म्हणाल्या, “वर ऑपरेशनचा पेशंट आहे, आवाज थोडा कमी होईल का?” गायिकेने स्वतःच माइक बाजूला ठेवला. आणि गंमत म्हणजे काहीच बिघडलं नाही. दिवस मावळला की जमिनीलगतची हवा आधी निवते, वरची गरम राहते. त्यामुळे वर जाणारा आवाज पुन्हा खाली वळतो आणि लांब ऐकू जातो. साठ-सत्तर माणसांना मोकळा गळा पुरतो. फाटकाशी पेशंटचे नातेवाईक येऊन उभे राहतात, खेड्यापाड्यांतून आलेले, दिवसभर औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन फिरलेले. त्यांना आम्ही आत बोलावतो, पन्हं देतो. कुणी येतात, कुणी संकोचून तिथेच उभे राहतात.

तुमच्या अंगणात किंवा गच्चीवर असं गाणं करायचं मनात असेल तर दोन-चार गोष्टी अनुभवाच्या सांगते. वाद्यं ऊन उतरेपर्यंत घरातच ठेवा. कोरड्या उन्हाने तबल्याचं चामडं ताणतं, तबला चढतो. तानपुऱ्याच्या तारा उष्म्याने सैलावतात, त्या उतरतात. दोघांची तोंडं दोन दिशांना! कूलर तबल्यासमोर तर मुळीच नको, त्याच्या ओल्या हवेने चामडं सर्द होतं. डासांसाठी धूर करू नका, गाणाऱ्याच्या घशाला तो बाधतो. त्यांना पाणी बर्फाचं देऊ नका, माठातलंही नको, साधं द्या. आणि स्वयंपाक सकाळीच उरका. दशम्या, तिळाची चटणी, कैरीचा तक्कू, एवढं पुरे. नाहीतर संध्याकाळभर तुम्ही ओट्यापाशी आणि बाकीचे सगळे मारव्यात.

जाऊ त्या दिवशी शेवटपर्यंत बसली होती. सासूबाई आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांची खुर्ची पुढे, गायिकेच्या अगदी समोर. दहाला पाच कमी असताना भैरवी संपली, तेव्हा जावेचा मुलगा सतरंजीवर गाढ झोपला होता. मी त्याला उचलू लागले तर सासूबाई म्हणाल्या, “राहू दे गं. घाई कसली आहे आता?”