‘काढणे’ : मोटारीच्या रंगावरील चीक आणि ओरखडे

मराठीत ‘काढणे’ या क्रियापदाला परस्परविरुद्ध असे दोन अर्थ आहेत. ‘रांगोळी काढली’ म्हणजे नव्हती ती निर्माण केली. ‘डाग काढला’ म्हणजे होता तो नाहीसा केला. ‘मांजराने ओरखडा काढला’ आणि ‘कारागिराने ओरखडा काढला’ या दोन वाक्यांची घडण एकच असली, तरी एकात ओरखडा उमटतो व दुसऱ्यात जातो. कर्ता कोण हे पाहून श्रोता योग्य तो अर्थ घेतो आणि व्यवहारात सहसा गफलत होत नाही. मोटारीच्या रंगाच्या बाबतीत मात्र ही द्व्यर्थता शब्दांत न राहता वस्तूत उतरते. झाडाचा चीक काढावयास जावे आणि ओरखडे काढून बसावे, असा अनुभव पुष्कळांना येतो. त्याची कारणे काही अंशी रंगाच्या रचनेत आहेत, तर काही अंशी, डाग कशाचा हे नीट न ओळखण्यात आहेत.

आजच्या मोटारीच्या पत्र्यावर सामान्यतः चार थर असतात : गंजरोधक अस्तर, पृष्ठभाग सारखा करणारे दुसरे अस्तर, त्यावर रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक लेप. या सर्वांची मिळून जाडी साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या सातव्या ते दहाव्या भागाइतकी, भरते. त्यांपैकी पारदर्शक लेप ४० ते ५० मायक्रॉनांचा. माणसाच्या डोक्यावरील केसाहूनही बहुधा पातळ. झळाळी आहे ती या लेपाची, आणि उन्हातील अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षण करणारी द्रव्येही याच लेपात मिसळलेली असतात. जुन्या मोटारींवर असा लेप नसे. १९२३ साली अमेरिकेत ‘ड्यूको’ या नावाने नायट्रोसेल्युलोजचा रंग बाजारात आला आणि जनरल मोटर्सच्या १९२४ सालच्या ओकलंड मोटारींना तो प्रथम लावण्यात आला. (ते नाव आपल्याकडील सुतारांच्या तोंडी आजही आहे; लाकडी सामानावर फवाऱ्याने दिलेल्या गुळगुळीत रंगाला ते ‘ड्यूको’ म्हणतात.) गाडीवर पारदर्शक लेप आहे की नाही, हे ओळखणे सोपे असते. आडबाजूला थोडे पॉलिश घासून पाहावे; फडक्याला गाडीचा रंग लागला, तर वर लेप नाही.

आता डागांकडे वळू. झाडाखाली उभ्या केलेल्या गाडीवर जे पडते त्याला इंग्रजी बोलणारा मोटारमालक सरसकट ‘सॅप’ म्हणतो. शास्त्रीय इंग्रजीत निरनिराळ्या द्रव्यांना निरनिराळी नावे आहेत, परंतु रोजच्या बोलण्यात तो भेद पुसला जातो. मराठीत तो घरगुती बोलीतही शाबूत राहिला आहे. बाभळीचा किंवा शेवग्याचा तो डिंक. वडाचा, उंबराचा, फणसाचा तो चीक. चीड वृक्षाची ती राळ. या तीन शब्दांमागे तीन वेगळी रसायने आहेत आणि प्रत्येकाचा द्रावक निराळा आहे.

डिंक ही शर्करेच्या जातीच्या दीर्घ साखळ्यांची द्रव्ये. ती पाण्यात फुगतात आणि बहुतेक विरघळतात. कोमट पाण्याने भिजवलेले फडके डागावर काही मिनिटे ठेवले, की काम होते. चिकाची गोष्ट उलट आहे. चीक म्हणजे पाण्यात तरंगणारे रबरजातीय सूक्ष्म कण. ताजा असेतो तो पाण्याने निघतो. एकदा सुकला की कण एकमेकांना धरून बसतात आणि पाणी निरुपयोगी ठरते. कोकणात फणस कापताना हाताला व विळीला तेल लावतात, त्यामागे हेच रसायन आहे. गाडीवरील सुकलेला चीक याच न्यायाने तेलाने मऊ करावा आणि मागाहून साबणाच्या पाण्याने धुवावा. राळेला ना पाणी चालते, ना साबण. तिला स्पिरिट अथवा टर्पेंटाइन लागते. हिमालयातील रस्त्यांवर चिडाखाली उभ्या केलेल्या गाडीवरचे कडक थेंब याच वर्गातले. स्पिरिटाचा बोळा डागावर टेकवून ठेवावा, राळ सैल होऊ द्यावी, मग पुसावे आणि जागा लगेच धुवावी. गाडी सावलीत व पत्रा थंड असावा, नाहीतर स्पिरिट काम करण्यापूर्वीच उडून जाते. अ‍ॅसिटोन वा थिनर मात्र हाती धरू नये; नायट्रोसेल्युलोजचे जुने रंग त्यात चक्क विरघळतात आणि नुकताच दुरुस्त केलेला रंगही मऊ पडतो.

भाषेतील वर्गीकरण सर्वत्र इतके चोख नाही, हेही नोंदविले पाहिजे. आंब्याच्या देठातून उडणाऱ्या स्रावाला आपण चीकच म्हणतो. परंतु कातडी भाजणाऱ्या त्या स्रावातील तेलकट भाग रबराचा नसून टर्पेंटाइनच्या कुळातला असतो. शिवाय आंब्याखालच्या गाडीवर मोहोराच्या दिवसांत जे बारीक चिकट शिंतोडे दिसतात, ते बहुधा झाडाचे नसतातच. ते तुडतुड्यांनी टाकलेल्या गोड स्रावाचे असतात. ज्वारीवर मावा पडला म्हणजे शेतकरी ‘चिकटा आला’ असे म्हणतो, तो हाच प्रकार. चिकटा हा साखरेचा; साध्या पाण्याने तो निघतो. नाव न ओळखता त्यावर टर्पेंटाइन चोळणारा मनुष्य व्यर्थ श्रमतो, आणि चोळताना पृष्ठभागावरील धूळ रंगात रगडतो. धुळीतील वाळूचे कण पारदर्शक लेपाहून कितीतरी कठीण असतात. ‘काढणे’चा दुसरा अर्थ साकार होतो तो येथे. रोज सकाळी कोरड्या फडक्याने गाडी झटकून पुसण्याची जी रीत आहे, तिचेही फळ हेच. उन्हात अशा गाडीवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात. वास्तविक ओरखडे सर्व दिशांना असतात. त्यांतले जे प्रकाशाला आडवे पडतात तेवढेच चमकतात, म्हणून वर्तुळाचा भास होतो.

डाग ही रंगावर आलेली परकी वस्तू आहे, म्हणून ती खरोखर काढता येते. ओरखडा ही वस्तूच नव्हे. तो अभाव आहे. व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही नामे एकाच क्रियापदाचे कर्म होतात, पण क्रिया मात्र वेगळी घडते. पॉलिशातील बारीक अपघर्षक ओरखड्याला स्पर्श करीत नाही, तो ओरखड्याच्या सभोवतालचा लेप त्याच्या तळापर्यंत उतरवितो. कडा नाहीशा झाल्या की प्रकाश विखुरत नाही आणि डोळ्याला ओरखडा ‘गेला’ असे वाटते. म्हणजे गेला तो लेप. चार-दोन मायक्रॉन उतरले तर बिघडत नाही. परंतु प्रत्येक दिवाळीला गाडीला रबिंग करून घेणारा मालक लेपाच्या मर्यादित साठ्यातून उचल करीत असतो, आणि ती भरून येण्यासारखी नसते.

यास्तव प्रथम खोली पाहावी. ओरखड्यावर पाण्याचे बोट फिरवावे. ओला असेतो तो दिसेनासा झाला, तर तो पारदर्शक लेपातच आहे. पाणी त्या खाचेत भरून प्रकाशाचे विखुरणे थांबविते, एवढाच त्याचा अर्थ. असा ओरखडा सौम्य पॉलिशाने जातो आणि आरंभ नेहमी सौम्यानेच करावा. नख आडवे फिरविले असता अडखळत असेल, तर तो ओरखडा नव्हे, चरा. तो पॉलिशाने घालवू पाहणे म्हणजे लेपालाच भोक पाडणे. तेथे घासणे सोडून भरणे हाच उपाय. चऱ्यात बारीक कुंचल्याने रंग व त्यावर लेप घालतात. पत्रा उघडा पडला असेल, तर त्याआधी गंजरोधक अस्तर द्यावे लागते, आणि हे काम पावसाळ्यापूर्वी उरकावे. पत्र्याला पोचाही आला असेल, तर पत्रा ठोकून सरळ करून त्यावर लांबी भरावी लागते.

गॅरेजमधील कारागिरांच्या बोलीत या कामांना ‘रबिंग मारणे’, ‘पॉलिश मारणे’, ‘लांबी भरणे’ असे शब्द आहेत. ‘ओरखडा काढून द्या’ असे म्हणतो तो गिऱ्हाईक.