असाध्य रुग्ण आणि वैद्याची करुणा

चिकित्सेचे यश साध्य व्याधीत दिसते. वैद्याची कसोटी मात्र असाध्य व्याधीत लागते. अर्बुदाने जर्जर झालेल्या रुग्णाचे नातेवाईक मोठ्या रुग्णालयातील कागदपत्रांची जाडजूड फाईल घेऊन आपल्याकडे येतात आणि म्हणतात, “वैद्यराज, आता सारी भिस्त तुमच्यावरच.” हा प्रसंग आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. अशा वेळी दोन वाटा सोप्या असतात. खात्रीचा शब्द देऊन महागड्या कल्पांची यादी लिहून देणे ही एक, आणि ‘आता करण्यासारखे काही उरले नाही’ असे सांगून सुटका करून घेणे ही दुसरी. या दोन्ही वाटा शास्त्राला मान्य नाहीत, असे आमचे नम्र मत आहे.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात वैद्याची वृत्ती चतुर्विध सांगितली आहे: सर्वांविषयी मैत्री, आर्तांविषयी कारुण्य, साध्य रुग्णाविषयी प्रीती आणि प्रकृतिस्थांविषयी उपेक्षा. येथील ‘प्रकृती’ या शब्दाचा अर्थ टीकाकार चक्रपाणींनी मरण असा घेतला आहे. योगसूत्रांतील मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा आणि बौद्ध परंपरेतील चार ब्रह्मविहार यांच्याशी या चतुष्टयाचे साम्य उघड आहे. मात्र साधकाने चित्तप्रसादासाठी जोपासावयाची भावना चरकांनी थेट रुग्णाच्या शय्येपाशी आणून ठेवली, हे त्यांचे वैशिष्ट्य होय.

या चौथ्या शब्दापाशीच घोटाळा होतो. मराठीत ‘उपेक्षा’ म्हणजे हेळसांड. संस्कृतात ‘उप’ म्हणजे जवळ आणि ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे. त्यातून तटस्थपणे पाहणे हा अर्थ आला. व्याधी बरा करण्याचा अट्टहास सोडावा, एवढेच येथे अभिप्रेत आहे. रुग्णाकडे पाठ फिरवावी, असे त्यातून निष्पन्न होत नाही. कारण मरणोन्मुख मनुष्य आर्त असतोच, आणि आर्ताविषयीच्या कारुण्याला साध्यासाध्यतेची अट चरकांनी घातलेली नाही. प्रीती साध्यापुरती आहे. कारुण्य शेवटच्या श्वासापर्यंत आहे.

असाध्याची चिकित्सा करू पाहणारा वैद्य अर्थ, विद्या आणि यश गमावतो व निंदेस पात्र होतो, असा इशारा पुढच्याच अध्यायात आहे. तो वैद्याला निष्ठुर करण्यासाठी नसून खोट्या आश्वासनापासून परावृत्त करण्यासाठी आहे. सुश्रुतांनी याप्य व्याधीतील चिकित्सेला कोसळू पाहणाऱ्या घराच्या टेकूची उपमा दिली आहे. टेकूने घर नवे होत नाही, हे सांगणे प्रामाणिकपणाचे. आणि ते उभे आहे तोवर टेकू काढून न घेणे हे दयेचे.

मग रुग्णास सत्य सांगावे काय? इंद्रियस्थानाच्या अखेरीस चरक सांगतात, की अरिष्टलक्षणे दिसली तरी न विचारता मरण सांगू नये, आणि विचारले तरी जेथे ते ऐकून रुग्णास वा इतरांस आघात होईल तेथे सांगू नये. न सांगणे आणि असत्य सांगणे यांत मोठे अंतर आहे. या वचनाच्या आडून ‘सहा महिन्यांत गाठ विरघळेल’ असे सांगण्याची मुभा कोणास मिळत नाही. शिवाय आजच्या काळात रुग्णाला स्वतःच्या देहाविषयी जाणून घेण्याचा अधिकार आहे. तो विचारीत असेल, तर त्याला झेपेल अशा बेताने आणि सोबत बसून सांगणे, हेच उचित होय.

श्रद्धेचे स्थानही येथेच आहे. दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय असे औषध त्रिविध आहे. युक्तीने योजलेली द्रव्ये निष्प्रभ ठरू लागली, तरी मनाला सावरणारा सत्त्वावजय शिल्लक राहतो. दैवव्यपाश्रयात चरकांनी नियम, प्रणिपात आणि तीर्थगमन यांचाही समावेश केला आहे. आयुष्यभर पंढरीची वारी केलेल्या वृद्धाला अंथरुणावरून उठवत नसेल, तर भजनी मंडळींनी सायंकाळी त्याच्या घरी येऊन हरिपाठ म्हणावा, असे सुचविणे हा वैद्याच्या सल्ल्याचाच भाग आहे. त्याने गाठ विरघळणार नाही. पण ‘मी एकटा नाही’ हा धीर मिळेल. श्रद्धा रुग्णाची असते. वैद्याने तिचा आदर करावा, तिचा व्यापार करू नये.

चिकित्सेच्या चतुष्पादात वैद्य आणि औषध यांच्याबरोबर उपस्थाता व रुग्ण यांनाही स्थान आहे. असाध्यावस्थेत उपस्थात्याचा पाद सर्वांत महत्त्वाचा ठरतो, आणि एकट्या कुटुंबाला तो भार पेलत नाही. संत गाडगेमहाराजांच्या नावाने चालणारी दादरची धर्मशाळा मुंबईत उपचारांसाठी येणाऱ्या कर्करुग्णांना व त्यांच्या आप्तांना आसरा देत आली आहे. शांती अवेदना सदन ही मरणोन्मुख कर्करुग्णांची शुश्रूषा करणारी संस्था १९८६ साली मुंबईत सुरू झाली. केरळात कोझिकोड येथे १९९३ साली वेदनाशमन व परिहार सेवेची सोसायटी स्थापन झाली. पुढे शेजारपाजारच्या स्वयंसेवकांनी घरोघर जाऊन रुग्णांची देखभाल करण्याची पद्धत तेथे रुजली, आणि २००८ साली राज्य सरकारने त्यासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. ओवाळणीचे तबक, जपमाळ की क्रूस, हा भेद या कार्यात गौण ठरतो.

आपल्या चिकित्सालयात यातील काय शक्य आहे? तीव्र वेदना असणाऱ्या रुग्णास वेदनाशमन केंद्राकडे विनाविलंब पाठवावे; मॉर्फिनसारख्या औषधाविषयी त्याच्या मनात भीती पेरू नये. चालू उपचार परस्पर बंद करू नयेत. यकृत व वृक्क क्षीण झालेल्या देहावर रसौषधींचा मारा टाळावा. शय्याव्रण होऊ नये म्हणून कूस बदलणे, मुखाची स्वच्छता, हलक्या हाताने तेल लावणे, रुचेल तेवढाच द्रव आहार देणे, या गोष्टी घरच्यांना प्रत्यक्ष करून दाखवाव्यात. आठवड्यातून एकदा घरी जाऊन नाडी पाहावी. त्या स्पर्शाची किंमत रुग्णच जाणतो.

औषधालयाचे चालक असणाऱ्या बंधुभगिनींनाही आमची विनंती आहे. ‘कॅन्सरवर हमखास’ असे औषध मागत येणाऱ्या आप्ताला फळीवरचा सर्वांत महागडा डबा देणे सहज शक्य असते. दागिने मोडून आणलेले ते पैसे असू शकतात. “आधी वैद्यांचा सल्ला घ्या,” एवढे वाक्य तेथे बोलले गेले, तरी ती एक चिकित्साच होय.

चिकित्सा पण्य म्हणून विकणारा सुवर्णराशी सोडून धुळीचा ढीग पदरात घेतो, असे चरकांनी रसायनाध्यायात म्हटले आहे. ते सुवर्ण म्हणजे भूतदया. बरा झालेला रुग्ण आपली कीर्ती सांगतो. जो बरा होणार नव्हता, त्याच्या मृत्यूनंतर त्याचे आप्त रस्त्यात भेटल्यावर नजर न चुकविता नमस्कार करतात काय, यावरून आपण त्याच्याशी कसे वागलो ते कळते.