शिरेवर शीर चढत नाही

पावसाळ्यातल्या रविवारी सिंहगडावरून आतकरवाडीच्या वाटेने उतरणाऱ्यांमध्ये कुणीतरी मित्राच्या खांद्यावर हात टाकून लंगडत येताना हमखास दिसतं. चढताना त्याला काही झालेलं नसतं. पाय मुरगळतो तो बहुतेकदा उतरताना. मग सल्ले सुरू होतात: 'शिरेवर शीर चढली असेल, चोळून काढ.' 'बोटं हलतायत ना? मग हाड शाबूत आहे.' 'घरी जाऊन गरम पाण्यात पाय बुडव.' सल्ले आपुलकीचे असतात, पण घोट्याची रचना पाहिली तर यातला एकही टिकत नाही.

घोट्याच्या दोन्ही बाजूंना जे उंचवटे हाताला लागतात, ती पायाच्या नळीच्या दोन हाडांची खालची टोकं आहेत. आतल्या बाजूला टिबियाचं, बाहेरच्या बाजूला फिब्युलाचं. दोन्हींवर एकदम बोट ठेवून पाहा, बाहेरचं टोक आतल्यापेक्षा खाली उतरलेलं जाणवेल. या दोन टोकांच्या मध्ये, सुताराने खाचेत लाकूड बसवावं तसं, टॅलस नावाचं हाड बसलेलं असतं. सगळं शरीर त्याच्यावरून पावलात उतरतं, तरी एकही स्नायू त्याला थेट जोडलेला नाही. त्याचा अर्ध्याहून अधिक पृष्ठभाग कूर्चेने झाकलेला असल्याने रक्तवाहिन्यांना आत शिरायला जागाही थोडी. म्हणूनच उंचावरून पडून किंवा गाडीच्या अपघातात टॅलसची मान मोडली, तर हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते आतून मरण्याची भीती असते.

टॅलस मागच्या बाजूला अरुंद आणि पुढे रुंद आहे. खुर्चीत बसून पाऊल वर ओढा आणि टाच धरून डावी-उजवीकडे हलवून पाहा, घोटा घट्ट लागतो. आता बोटं जमिनीकडे ताणा आणि पुन्हा हलवा. सैलपणा लगेच कळतो. पाऊल वर असताना टॅलसचा रुंद भाग खाचेत घट्ट बसतो, खाली असताना अरुंद भाग येतो आणि हाडांचा आधार कमी होतो. उतारावर आपण बोटं खाली करूनच पाऊल टाकतो. अशा क्षणी घोटा सांभाळण्याचं काम मुख्यतः अस्थिबंधांवर, म्हणजे लिगामेंटवर येतं.

आतल्या बाजूचा अस्थिबंध रुंद, पंख्यासारखा पसरलेला आणि बळकट आहे. बाहेरच्या बाजूला तीन वेगवेगळे पट्टे आहेत आणि त्यांतला सर्वांत पुढचा, फिब्युलापासून टॅलसकडे जाणारा, सर्वांत दुबळा. पाऊल आत वळलं की आधी तोच ताणतो, फाटतो, कधी पूर्ण तुटतो. जोर जास्त असेल तर त्याच्या खालचा, टाचेच्या हाडाकडे जाणारा पट्टाही जातो. घोटा मुरगळतो तेव्हा आत घडतं ते हे. शिरा एकमेकींवर चढत नाहीत, चढूच शकत नाहीत. सूज आणि काळानिळा डाग येतो तो फाटलेल्या ऊतींतून झिरपलेल्या रक्ताने. ताज्या फाटलेल्या जागेवर अंगठा दाबून चोळणं म्हणजे जखम वाढवणं. आंबेहळद-रक्तबोळाचा लेप वरून हलकेच लावला तर सहसा काही बिघडत नाही, बिघडतं ते चोळण्याने आणि पहिल्या दिवसाच्या गरम शेकाने. पहिले दोन दिवस पाय उंचावर ठेवावा, कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं ठेवावा आणि क्रेप बँडेज बांधावं. पुष्कळ जण एका गोष्टीने उगाच घाबरतात: बाहेरच्या घोट्याच्या किंचित पुढे एक मऊ फुगवटा असतो, तो सूज समजतात. बोटं वर उचलणाऱ्या छोट्या स्नायूचं ते पोट आहे. शंका आली तर दुसऱ्या पायाशी ताडून पाहावं.

'बोटं हलतात म्हणजे हाड मोडलेलं नाही' हा समज मात्र धोक्याचा आहे. बोटं हलवणारे स्नायू पोटरीत आणि पावलात असतात. फिब्युलाचं टोक मोडलं तरी ते आपलं काम करत राहतात. कॅनडातल्या ओटावा शहरात इयान स्टील या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 मध्ये मांडलेले नियम जगभरच्या आपत्कालीन विभागांत वापरले जातात. ते घरच्यांनाही समजतील असे आहेत. घोट्याच्या दोन्हींपैकी कुठल्याही उंचवट्याच्या टोकावर किंवा त्याच्या मागच्या कडेला, वर सहा सेंटिमीटरपर्यंत, हाड दाबल्यावर दुखतं का? करंगळीच्या रेषेत, पावलाच्या बाहेरच्या कडेवर मधोमध जो उंचवटा आहे, त्याच्या बुडाशी दुखतं का? आतल्या बाजूला कमानीच्या माथ्यावरचं नॅव्हिक्युलर हाड दुखतं का? दुखापतीनंतर लगेच आणि नंतर तपासणीच्या वेळी, लंगडत का होईना, चार पावलं टाकता येत नाहीत का? यांपैकी एकाचंही उत्तर 'हो' असेल तर एक्सरे काढायचा. मुलं आणि मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेली माणसं यांच्या बाबतीत या नियमांवर विसंबू नये, सरळ डॉक्टरांना दाखवावं.

एक्सरेत काही निघालं नाही की घरात सुटकेचा श्वास सोडला जातो आणि विषय संपतो. माझ्या मते सगळ्यांत जास्त नुकसान इथे होतं. एक्सरेत हाडं दिसतात, अस्थिबंध दिसत नाहीत. शिवाय अस्थिबंध नुसते दोर नाहीत. त्यांच्यात मज्जातंतूंची टोकं असतात, पाऊल कुठल्या कोनात आहे ही खबर ती मेंदूला देत असतात. पट्टा फाटला की ही खबरही मंदावते. म्हणूनच एकदा मुरगळलेला घोटा लक्ष्मी रोडच्या उखडलेल्या फरशीवरही पुन्हा मुरगळतो, आणि माणूस म्हणतो, 'माझा पायच कमजोर आहे.' पाय कमजोर नसतो, त्याचे धडे अर्धवट राहिलेले असतात. महिनाभर खाटेवर पडून राहिल्याने ते पुरे होत नाहीत. साध्या मुरगळण्यात दुखणं सोसेल तेवढी हालचाल काही दिवसांतच सुरू करायची असते आणि नंतर भिंतीजवळ उभं राहून एका पायावर तोल सांभाळण्याचा सराव करायचा असतो. फिजिओथेरपिस्ट हे नीट शिकवतात. तोलाच्या व्यायामाने पुन्हा मुरगळण्याचं प्रमाण कमी होतं, हे अनेक अभ्यासांत दिसलेलं आहे.

आषाढी वारीच्या दिवसांत पुण्यात दुसरं दुखणं डोकं वर काढतं. एरवी खुर्चीत बसून काम करणारी मंडळी आळंदी ते पुणे किंवा दिवे घाट चढून सासवड असं एका दिवसात तीसेक किलोमीटर चालतात. काही दिवसांनी सकाळी उठून पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ येते. एक्सरेत टाचेच्या हाडाला बारीक काटा दिसतो आणि निदान घरातच होतं: 'टाचेचं हाड वाढलंय.' पण असा काटा ज्यांची टाच कधीच दुखलेली नाही अशा अनेकांच्या एक्सरेतही असतो. दुखतो तो सहसा टाचेपासून बोटांपर्यंत तळव्यात ताणलेला जाड पट्टा, प्लांटर फॅशिया. अचानक वाढलेलं चालणं, तासन्‌तास उभं राहणं, घरातल्या टणक फरशीवर अनवाणी वावर, आखडलेली पोटरी, वाढलेलं वजन ही त्याची कारणं. पोटरी आणि तळव्याचे ताण, मऊ चप्पल आणि धीर यांनी बहुतेकांचं दुखणं काही महिन्यांत जातं. हाड कापायची गरज सहसा पडत नाही.

सपाट पायांची काळजी भरतीच्या वयात मुलांना आणि त्याआधी आईवडिलांना छळते. चालायला लागलेल्या मुलाचा तळवा सपाटच दिसतो, कमान साधारण सहा-सात वर्षांपर्यंत घडत जाते. मूल चवड्यांवर उभं राहिल्यावर कमान दिसत असेल आणि पाय दुखत नसेल, तर महागडे बूट घेण्याची घाई करू नये. उदय भास्कर राव आणि बेंजामिन जोसेफ यांनी 1992 मध्ये भारतातल्या 2,300 मुलांच्या पाऊलठशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पादत्राणं वापरणाऱ्या मुलांत सपाट पायांचं प्रमाण 8.6 टक्के होतं, अनवाणी वावरणाऱ्यांत 2.8 टक्के. पुढून बंद बूट घालणाऱ्यांत ते अधिक होतं. अंगणात, मैदानावर अनवाणी खेळणाऱ्या मुलाला दटावून बूट चढवण्याआधी हे आकडे आठवावेत.

आणि एक समज असा, ज्याने आयांना विनाकारण अपराधी ठरवलं आहे. बाळाचं पाऊल जन्मतः आत वळलेलं असलं की कुणीतरी विचारतंच, 'ग्रहणात हातात सुरी-कात्री धरली होतीस का?' ग्रहणाचा याच्याशी काहीही संबंध नाही. हजार जन्मांत साधारण एका बाळाला हा दोष असतो, आणि बहुतेकांत त्याचं एकच असं कारण सापडत नाही. दोष घडतो तो पुन्हा टॅलसभोवतीच: टाचेचं हाड आणि पावलाचा पुढचा भाग टॅलसखाली आत फिरलेला असतो. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात इग्नासिओ पोन्सेटी यांनी नेमकं हे ओळखलं. टॅलसच्या डोक्यावर अंगठा रोवून बाकीचं पाऊल त्याच्याभोवती हळूहळू बाहेर फिरवायचं आणि दर आठवड्याला नवं प्लास्टर घालायचं. पाच-सहा प्लास्टरनंतर बहुतेक बाळांत टाचेमागची कंडरा एका छोट्या छेदाने सैल करावी लागते. मोठ्या शस्त्रक्रियेची वेळ क्वचितच येते. 2013 मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या दोषाचा समावेश आहे, त्यामुळे सरकारी रुग्णालयात त्यासाठी विचारणा करावी. प्लास्टर निघाल्यावर पाऊल सरळ दिसतं. तेव्हाच खरी चूक होते: त्यानंतर घालायला दिलेले, दांड्याने जोडलेले बूट बाळाला रात्री टोचतात म्हणून घरचे ते काढून ठेवतात. हे बूट मूल साधारण चार वर्षांचं होईपर्यंत रात्री घालायचे असतात, आणि पाऊल पुन्हा वळण्याचं सर्वांत मोठं कारण ते मध्येच सोडणं हेच आहे.